रेब्बेंची पत्रं: सल्ला त्यांचा, निर्णय कुणाचा?

प्रश्न असा आहे: ज्यू धर्मातल्या हसिदी पंथातले गुरू, म्हणजे रेब्बे, अनुयायांना खासगी पत्रांतून लग्न, धंदा, आजारपण, मुलांचं शिक्षण अशा सगळ्याच बाबतींत सल्ला देत. अशाने ही माणसं स्वतः विचार करायचंच विसरली नाहीत का? आणि ती पत्रं आज छापील रूपात मिळतात, तर बाहेरच्या वाचकाने ती कशी वाचावीत?

आधी मी कोण ते सांगतो. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातला, घरात मराठी बोलणारा, इस्रायलमध्ये लोदला राहतो. हसिदी परंपरा आमच्या कोकणातल्या वाडवडिलांची नाही. ती अठराव्या शतकात आजच्या युक्रेन-पोलंड-बेलारूसच्या पट्ट्यात रुजली. पण लोदजवळच क्फार हबाद हे हसिदींचं गाव आहे. तिथल्या ओळखींतून या पत्रांची गोडी लागली आणि आता बरीच वर्षं मी त्यांचे वाचनवर्ग घेतो. म्हणून जे सांगणार आहे ते मुख्यतः हबाद शाखेबद्दल, आणि त्यातही सातवे रेब्बे मेनाखेम मेंडेल श्नेअरसन (१९०२–१९९४) यांच्या पत्रांबद्दल. मुंबईकरांना या शाखेचं नाव कुलाब्याच्या छबाड हाऊसमुळे माहीत असतं.

पत्रं मन लावून वाचली की माझ्या वर्गातल्या बहुतेकांना एकच गोष्ट अनपेक्षित वाटते. या पत्रांत रेब्बे स्वतः निर्णय देतात ते फार कमी वेळा. बहुतेक वेळा ते माणसाला दुसऱ्या कुणाकडे पाठवतात: डॉक्टरकडे, त्या धंद्यातल्या जाणकार मित्राकडे, गावातल्या रब्बीकडे (म्हणजे ज्यू धर्मपंडिताकडे), बायकोशी बोलायला. आणि मग एखादं काम सांगतात, लहानसं, आजच करता येईल असं. मार्गदर्शनाचा खरा भाग तिथे असतो.

हे एकाएकी आलेलं नाही. हबादचे संस्थापक श्नेऊर झल्मान (१७४५–१८१२) यांच्याकडे लोक इतक्या संख्येने सल्ला मागायला येत की भेटींवर नियम घालावे लागले. १७९६ साली छापला गेलेला त्यांचा 'तान्या' हा ग्रंथच मुळात पत्रोत्तरातून उभा राहिला आहे. प्रस्तावनेत ते अनुयायांना सांगतात की प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायला आता वेळ पुरत नाही, शिवाय ऐकलेलं माणूस विसरतो, म्हणून नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं लिहून देतो आहे. त्याच प्रस्तावनेत ते पुस्तकाची मर्यादाही मान्य करतात: समोरासमोर ऐकणं वेगळं आणि वाचणं वेगळं, कारण वाचणारा आपल्या मनःस्थितीप्रमाणे वाचतो. आणि ज्याला कळणार नाही त्याने आपल्याच गावातल्या मोठ्या माणसांशी बोलावं, असं सांगतात. लिओझ्नाला, म्हणजे ते राहत त्या गावी, माझ्याकडे या, असं म्हणत नाहीत.

त्यांच्या निधनानंतर, १८१४ मध्ये, त्यांची बत्तीस पत्रं 'तान्या'ला जोडून छापली गेली. त्यातलं बाविसावं पत्र तुमच्या प्रश्नाला थेट भिडतं. त्यात ते अनुयायांना प्रेमाने, पण चांगलंच, फटकारतात. संसारातल्या गोष्टींत काय करावं हे विचारण्याची ही रीत तुम्ही कुठल्या ग्रंथात पाहिलीत, असं विचारतात. मिश्ना आणि तालमूद या प्राचीन ज्यू धर्मग्रंथांच्या काळातल्या सर्वांत थोर आचार्यांनाही कुणी असं विचारत नसे. विचारायचे ते फक्त खऱ्या प्रेषितांना, जसा बायबलमधला शौल बापाची हरवलेली गाढवं शोधताना शमुवेल प्रेषिताकडे गेला. कोणत्या व्यवहारात आपल्याला मिळकत होईल हे माणसापासून झाकून ठेवलेल्या सात गोष्टींपैकी एक आहे, हे तालमूदचं वचनही ते आठवण करून देतात. एका गुरूने आपल्याच शिष्यांना 'मला धंद्याचं विचारू नका' असं लिहून द्यावं आणि शिष्यांनी तेच पत्र पवित्र मानून पिढ्यान् पिढ्या अभ्यासावं, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

लोकांनी अर्थातच विचारणं थांबवलं नाही. पूर्व युरोपात गुरूला 'क्वितेल' देण्याची पद्धत होती: स्वतःचं नाव, आईचं नाव आणि मागणं लिहिलेली चिठ्ठी. पोझ्नान भागातल्या ग्रेत्झ गावी एलियाहू गुटमाखेर नावाचे रब्बी होते. ते हसिदी गुरू नव्हते आणि लोकांनी येऊ नये म्हणून त्यांनी प्रयत्नही केले, तरी एकोणिसाव्या शतकात त्यांच्याकडे अशा हजारो चिठ्ठ्या आल्या. त्या न्यूयॉर्कच्या यिवो या ज्यू संशोधन संस्थेत जपलेल्या आहेत. मूल होत नाही, नवरा सोडून गेला, दुकान बुडालं, मुलगा फेफऱ्याने आजारी आहे. गरज ही अशी असते. 'विचारू नका' म्हणून ती जात नाही. म्हणून पुढच्या गुरूंनी ती वळवली, आणि कशी वळवली हे श्नेअरसन यांच्या पत्रांत फार स्पष्ट दिसतं.

सासरे, म्हणजे सहावे रेब्बे योसेफ यित्झाक श्नेअरसन, जानेवारी १९५० मध्ये वारल्यावर वर्षभराने, १९५१ च्या जानेवारीत, मेनाखेम मेंडेल यांनी गादी स्वीकारली. ब्रुकलिनमधल्या ७७० ईस्टर्न पार्कवे या पत्त्यावर मग जगभरातून टपाल येऊ लागलं, हिब्रू, यिडिश, इंग्रजी आणि रशियनमध्ये. सचिवांचं कार्यालय होतं. मुख्य सचिव होदाकोव, इंग्रजी पत्रव्यवहार निस्सान मिंडेल यांच्याकडे. उत्तरं सांगितली जात, टंकलिखित होत, आणि मसुद्यावर रेब्बे पुन्हा हाताने दुरुस्त्या करत, कधी खाली दोन ओळी वाढवत. इंग्रजी पत्रांची सुरुवात पुष्कळदा उशिराबद्दलच्या दिलगिरीने होते: कामाच्या ओझ्यामुळे आपल्या पत्राची पोच आज देतो आहे. हा शिष्टाचाराचा मजकूर नव्हे, खरोखरच तेवढं टपाल होतं.

पुढे पुढे उत्तरं आखूड होत गेली. माणसाने पाठवलेल्या पत्रावरच ते पेन्सिलने खूण करत. 'हे घर घ्यावं की थांबावं?' असं लिहिलं असेल तर एक शब्द खोडलेला, दुसऱ्याखाली रेघ. 'डॉक्टर असं म्हणतात' या शब्दांखाली रेघ असेल तर अर्थ एवढाच की डॉक्टर म्हणतात तसं कर. समासात बाण काढून दोन-तीन संक्षेप. सर्वांत जास्त वेळा येणारा संक्षेप म्हणजे 'त्सियूनवर आठवण करीन', म्हणजे सासऱ्यांच्या समाधीपाशी तुझं नाव घेऊन प्रार्थना करीन. क्वीन्समधल्या माँटेफिओरे दफनभूमीतल्या या समाधीवर ते पत्रांच्या पिशव्या घेऊन नेमाने जात आणि तासन् तास उभे राहून ती वाचत. अनुयायांच्या दृष्टीने हा उत्तराचा अर्धा भाग होता, आणि तो कागदावर दिसत नाही. हे लक्षात ठेवलं नाही तर छापील पत्र वाचताना ते कोरडं वाटतं.

आता आतल्या मजकुराकडे येतो. आजारपणाबद्दल त्यांचा सूर जवळजवळ कायम असतो: तोराने, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राने, वैद्याला बरं करण्याचा अधिकार दिला आहे, तेव्हा तज्ज्ञाला दाखवा आणि तो सांगेल तसं वागा. दोन डॉक्टरांत मतभेद असेल तर तिसऱ्याला विचारा. शक्य असेल तर ओळखीचा, मित्र असलेला डॉक्टर पाहा, कारण तो केवळ आजार बघणार नाही. त्याच्याच जोडीला: घरातले मेझुझा आणि तेफिलिन तपासून घ्या, सकाळच्या प्रार्थनेआधी काही नाणी दानपेटीत टाका, रोज तहिलीम, म्हणजे बायबलमधली स्तोत्रं, म्हणा. (मेझुझा म्हणजे दाराच्या चौकटीवर लावलेलं चर्मपत्र, तेफिलिन म्हणजे प्रार्थनेच्या वेळी दंडावर आणि कपाळावर बांधायच्या पेट्या, आतली अक्षरं काळाने पुसट होऊ शकतात.) बाहेरच्या वाचकाला ही दुसरी यादी अंधश्रद्धा वाटते. वर्गात हा आक्षेप दर वेळी निघतो. मी एवढंच दाखवतो की यादी डॉक्टरच्या जागी कधीच येत नाही, डॉक्टरसोबत येते. आजारी माणसाला काही करता येत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा छळ असतो. त्याच्या हाती त्याच्याच रोजच्या आचारातलं एक काम दिलं जातं.

लग्नाच्या बाबतीत ते फार जपून बोलतात. चौकशी करा, धर्माचरण आणि स्वभाव पाहा, पण मन ओढ घेत नसेल तर मित्रांच्या किंवा आईवडिलांच्या भरीला पडू नका. ज्याला संसार करायचा आहे त्यानेच हे ठरवायचं, असा त्यांचा रोख असतो. धंद्यात 'जाणकार मित्रांना विचारा' हे इतक्या वेळा येतं की नवीन वाचक कंटाळतो. कंटाळू नका. श्नेऊर झल्मान यांच्या बाविसाव्या पत्राचा धागा इथपर्यंत आलेला आहे.

उदासीबद्दलची पत्रं मला सर्वांत मोलाची वाटतात. लोक लिहीत की मनात नको ते विचार येतात, मी नालायक आहे, प्रार्थनेत मन लागत नाही, पाप केलं आहे. रेब्बे त्या विचारांशी वाद घालायला सांगत नाहीत. लढायलाही नाही, कारण लढणं म्हणजे त्यांना मनात ठाण मांडू देणंच आहे. लक्ष दुसरीकडे न्या, हातात काम घ्या, दुसऱ्याला मदत करा. हा 'तान्या'च्या सव्विसाव्या ते अठ्ठाविसाव्या अध्यायातला उपदेश आहे, पण पत्रात तो शिंप्याने मापाला कापून दिलेल्या सदऱ्यासारखा येतो: तू शिक्षक आहेस ना, मग वर्गातल्या मागे पडलेल्या मुलांबद्दल विचार कर. गरज दिसली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सांगणारी पत्रंही आहेत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ज्यू डॉक्टरांना आणि मानसतज्ज्ञांना असंही आवाहन केलं की ताणावर इलाज म्हणून ध्यानाच्या अशा पद्धती विकसित करा ज्यांना कुठल्याही परधर्मीय उपासनेची जोड नसेल.

आणखी एक सवय सांगितलीच पाहिजे. ते आलेल्या पत्रात काय नाही तेही वाचतात. एखादा तरुण चार पानं आपल्या नोकरीबद्दल लिहितो. उत्तरात नोकरीवर दोन ओळी आणि मग: तुझ्या नेमाच्या अभ्यासाबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस याचं आश्चर्य वाटलं. किंवा: बायकोच्या मताचा उल्लेख नाही. किंवा: गावातल्या मुलांसाठी काय करतोस ते कळवलं नाहीस. माझ्या मते हीच त्यांची खरी हातोटी. विचारणाऱ्याने प्रश्नाची जी चौकट आखली तिच्या बाहेर राहिलेला माणूस ते शोधतात. पत्राचा शेवट नेहमी 'शुभवार्तेच्या प्रतीक्षेत' अशा अर्थाच्या आशीर्वादाने होतो, म्हणजे पुढचं पत्र अपेक्षित आहे, आणि त्यात केलेल्या कामाची बातमी हवी.

आता वाचण्याबद्दल. 'इग्रोत कोदेश' या नावाने ही पत्रं १९८७ पासून छापली जाऊ लागली आणि तिसांहून अधिक खंड झाले. खासगीपणा जपायला ती ज्यांना लिहिली त्यांची नावं बहुतेक ठिकाणी काढलेली आहेत. प्रश्न आपल्यासमोर नसतोच. उत्तराच्या पहिल्या परिच्छेदात रेब्बे आलेल्या पत्राचा गोषवारा देतात, त्यावरून तो ताडावा लागतो. म्हणून कुठलंही एक वाक्य उचलून 'रेब्बेंचं मत असं' म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. इस्रायलला स्थायिक व्हावं का, या एकाच प्रश्नाला एकाला 'या' असं उत्तर आहे, आणि दुसऱ्याला 'तिथल्या समाजाची जबाबदारी तुमच्यावर आहे, तुम्ही जागा सोडू नका' असं. हा विरोधाभास नव्हे, माणसं दोन आहेत. सणांच्या आधी निघणारी सार्वत्रिक पत्रं मात्र सगळ्यांसाठी असत. सिद्धांत हवा असेल तर तिथे पाहावा.

काही पत्रं बंद पाकिटातून जाऊच शकत नव्हती. सोव्हिएत संघात हसिदी असणं म्हणजे तुरुंगाला निमंत्रण होतं. रेब्बेंचे वडील लेवी यित्झाक, आजच्या द्नीप्रो शहराचे रब्बी, १९३९ मध्ये अटक होऊन कझाकस्तानात हद्दपार झाले आणि १९४४ मध्ये तिथेच वारले. सोव्हिएत संघातले अनुयायी मग 'आजोबां'ची (म्हणजे रेब्बेंची) खुशाली विचारत, नातेवाइकांच्या साध्या पत्रासारखं लिहीत, आणि उत्तरही तिसऱ्याच्या हातून, घरगुती भाषेत पोचे. मूळ संदर्भ माहीत नसलेल्याला त्या ओळींत काहीच सापडणार नाही. पण ज्याच्या हाती तो कागद पडला त्याला ब्रुकलिनमध्ये आपली आठवण ठेवणारं कुणी आहे एवढं कळे, आणि तिथे तेवढ्यावर माणसं वर्षं काढत होती.

दुःखाच्या प्रसंगी ते काय लिहीत, हे आमच्या शेजारच्याच गावातलं सांगतो. क्फार हबाद १९४९ मध्ये सोव्हिएत संघातून आलेल्या निर्वासितांनी वसवलं. ११ एप्रिल १९५६ च्या संध्याकाळी तिथल्या व्यवसायशाळेवर हल्ला झाला. मुलं प्रार्थनेला उभी होती. पाच विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक मारले गेले. स्टालिनच्या राज्यातून कसंबसं सुटून आलेलं ते गाव अगदी मोडून पडलं. इथून उठून जावं, अशी भाषा सुरू झाली. लोक ब्रुकलिनच्या शब्दाची वाट पाहत होते. काही दिवसांनी तार आली. तिच्यातले मूळचे तीन हिब्रू शब्द आजही गावातलं पोर सांगेल: बांधकाम पुढे चालू ठेवण्यातूनच तुमचं सांत्वन होईल. हे असं का घडलं याचं स्पष्टीकरण देण्याचा प्रयत्नही त्यात नाही. गाव उठलं नाही. शाळा वाढवली गेली.

कुलाब्यातलं छबाड हाऊस चालवणारे गाव्रिएल आणि रिव्का होल्त्झबर्ग २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मारले गेले तेव्हा रेब्बे जाऊन चौदा वर्षं झाली होती, पत्र यायचा प्रश्न नव्हता. पण त्या वास्तूत पुन्हा काम सुरू करायचं हे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. २०१४ मध्ये ती पुन्हा उघडली. ज्यांनी ते केलं ते १९५६ च्या तारेवर वाढलेले लोक होते.

सांत्वनाचं दुसरं पत्र इस्रायलचे सेनानी आणि पुढे पंतप्रधान झालेले एरियल शॅरॉन यांना लिहिलेलं. १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा गुर बंदुकीची गोळी सुटून गेला. ज्यू घरात शोक करणाऱ्याला म्हणतात की सियोन आणि यरुशलेमच्या इतर शोककर्त्यांसह देव तुझं सांत्वन करो. एका बापाच्या दुःखाचा यरुशलेमशी काय संबंध, हा प्रश्न रेब्बे पत्रात स्वतःच उभा करतात आणि उत्तर शोधतात: मंदिराच्या विध्वंसात जळले ते दगड आणि लाकूड, आत्म्याला शत्रूचा हात लागला नाही, आणि ते जसं पुन्हा उभं राहणार तशी तुमची भेटही पुन्हा होणार. शॅरॉन धार्मिक नव्हते, हबादचे अनुयायी तर नव्हतेच. तरी त्यांना परकं वाटेल असं एकही वाक्य त्यात नाही.

अवलंबित्वाचा तुमचा मुद्दा मी टाळत नाही. ते होतं. घर बदलण्यापासून ते मुलीच्या शाळेपर्यंत सगळं विचारल्याशिवाय पाऊल न टाकणारी माणसं होती, आणि त्यांच्या मुलांना त्याचा जाच झाल्याचं मी ऐकलं आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेब्बेंनी वारंवार सांगितलं की प्रत्येकाने, पुरुषाने आणि स्त्रीनेही, आपल्या जवळपास एक मार्गदर्शक निवडावा, जो त्याला ओळखतो आणि ज्याला तो उत्तरदायी राहील. टपालाचं ओझं हे एक कारण असेल. पण मला त्यात 'तान्या'च्या प्रस्तावनेचीच शिकवण दिसते. मार्च १९९२ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, वाचा गेली, आणि जून १९९४ मध्ये ते वारले. ज्यांनी आधीच जवळचा माणूस निवडला होता ते त्या काळात सावरले.

आज काही जण प्रश्न लिहून 'इग्रोत कोदेश'च्या कुठल्याही खंडात सरकवतात आणि उघडेल ते पान आपलं उत्तर मानतात. हबादमध्येच यावर दुमत आहे. मी श्रद्धेची थट्टा करणार नाही, पण वर्गात मी हे करू देत नाही. ते पान दुसऱ्या कुणाचं आहे, त्याचं नाव काढलं आहे म्हणून ते आपलं होत नाही. क्वीन्समधल्या समाधीवर पत्र वाचून, फाडून ठेवण्याची रूढी मला जास्त प्रामाणिक वाटते. तिथे माणूस आपलं मागणं मांडतो आणि उत्तर आलं असं समजत नाही.

तुम्हाला स्वतः वाचायचं असेल तर इंग्रजी पत्रांपासून सुरू करा. हिब्रू पत्रांत संक्षेपांची इतकी दाटी असते की चांगल्या हिब्रू वाचकालाही आधी सोबत लागते. १९५० च्या दशकातली पत्रं घ्या. ती लांब आहेत, समजावून सांगणारी आहेत. मोरोक्कोत १९५० साली पाठवलेल्या प्रतिनिधीच्या शाळांबद्दलची पत्रं शिक्षकांनी जरूर वाचावीत. त्यात पैशाची टंचाई, स्थानिक रब्बींचा मान कसा राखायचा, मुलींच्या वर्गाचं काय, असा सगळा तपशील येतो. प्रत्येक पत्रापुढे कागदावर तीन गोष्टी टिपा: माणसाने काय विचारलं असावं, रेब्बेंनी त्याला कुणाकडे पाठवलं, आणि त्याला काय करायला सांगितलं. दहा-बारा पत्रांनंतर तुमचा पहिला प्रश्न तुम्हालाच वेगळ्या शब्दांत मांडावासा वाटेल. त्यानंतर श्नेऊर झल्मान यांचं बाविसावं पत्र वाचा. आधी नको.